वाल्मिकभाऊंच्या पानावर कोणीही लिहा

सुरतेच्या गोडादऱ्यात इंटरनेट आणणारा पहिला खान्देशी माणूस कोण, हे कोणी विचारो न विचारो, वाल्मिक सांगायचाच! साल नव्व्याण्णव. त्याच्या एसटीडी-झेरॉक्सच्या दुकानात कम्प्युटर आला, रिंग रोडच्या क्लासात जाऊन तो शिकला आणि सुरतेतल्या खान्देशी समाजाची वेबसाइट काढून बसला. तिच्यात एक पान मोकळं सोडलं. वर मथळा, ‘कोणीही या, काहीही लिहा!’

“आन् कोनी भलतंच लिखं तर?” बायकोने, रुक्मिणीने विचारलं.

“लिहिणारा जाणे! मी फक्त जागा दिली. पत्रात शिव्या निघाल्या म्हणून पोस्टमनला कोणी बडवतं का?”

सुरुवातीला लोक दुकानात येऊन इंग्रजी अक्षरांत ‘सर्वांना नमस्कार’ लिहून जात. वाल्मिक असा फुगला, की दारातून आडवा शिरायला लागला.

मग ‘एक जेवणारा’ या नावाने कोणीतरी लिहिलं, ‘सखाराम आचाऱ्याची बट्टी फोडायला हातोडा लागतो आणि वरणातली डाळ शोधायला पाणबुड्या!’

सखाराम हातातल्या झाऱ्यासकट आला. कामरेजच्या एका लग्नाचं जेवण त्याच्याकडे ठरलं होतं. नवरदेवाने ऑफिसात ते पान वाचलं आणि दुसरा आचारी बघितला.

“हाई कोनी लिखं?”

“मले काय माहीत? नाव कुठे टाकलंय त्याने!”

“मग तूच! दुकान तुनं, मशीन तुनं, पान तुनं!”

“अरे, मी लिहिलं नाही!”

“पुसलं बी नाही ना!” सखाराम बाकावर बसला. झारा खाली ठेवला. “सारी जिंदगी भट्टीसमोर गयी, भाऊ. मनी बट्टीले हातोडा?”

त्याचा आवाज फाटला आणि वाल्मिकचं पोस्टमनपण गळालं. त्याने ती ओळ पुसून टाकली. संपलं प्रकरण!

संपतंय कसलं! दुसऱ्या दिवशी शटर अर्धं वर जातं न जातं तोच खालून सरलाबाई वाकून आत आल्या. बाई लग्नं जुळवायच्या. त्यांच्याबद्दल कोणीतरी लिहिलं होतं, की सरलाबाई नवरदेवाचा फोटो दाखवतात तो त्याच्या मुंजीतला असतो.

“सखारामचं पुसलं, माझं ठेवलं. म्हणजे माझ्याबद्दलचं खरं, असं तुम्ही म्हणता?”

“मी काहीच म्हणत नाही हो!”

“पुसता येतं, हे कालच सगळ्यांना कळलं, भाऊ!”

तेही पुसलं. संध्याकाळी ते लिहिणारी मुलीकडची माणसं आली. “आम्ही फसलो, ते खरं लिहिलं आणि तुम्ही दाबलं. सरलाबाईंकडून काय मिळालं?”

वाल्मिकने कपाळाला हात लावला आणि गल्लीतल्या बन्सीलाल वकिलांना गाठलं. वकीलसाहेब विड्याचं पान जुळवत होते.

“जोवर तू काही वाचत नव्हतास, तोवर तू पोस्टमन,” ते म्हणाले. “एक ओळ पुसलीस आणि संपादक झालास. आता जे उरलंय, ते तू वाचून, पसंत करून ठेवलंय, असं समोरचा वकील म्हणेल.”

“मग काहीच पुसू नको?”

“मग म्हणेल, डोळ्यांदेखत बदनामी होऊ दिली.”

“कायद्यात काय आहे?”

“कायदा दिल्लीत शिजतोय म्हणे.”

“तोवर मी काय करू?”

“मला विचारलंस, हे कोणाला सांगू नकोस.”

त्यानंतर वाल्मिक प्रत्येक ओळ वाचू लागला. ‘गोडादऱ्यात पाणी कमी येतं’ वाचून घाम फुटे. पाणी सोडणाऱ्याची बदनामी तर नाही? ‘चहा छान होता’ लिहिलं तर वाटे, टोमणा कोणाला? झेरॉक्सचं गिऱ्हाईक उभं राहून कंटाळून जाई. जेवताना तो घास हातात धरून विचार करत बसे. रुक्मिणी म्हणाली, “बंद करा ना ते पान. तुमचं तोंड पाहवत नाही आता.”

त्याने पान बंद केलं. लगेच समाजाच्या बैठकीत ओरड झाली, “वाल्मिकने लोकांचं तोंड बांधलं!” ज्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती, ते सर्वांत मोठ्याने ओरडले.

वाल्मिक चपला घालून घरी निघाला. भांडायलाही अंगात जोर लागतो!

लग्नसराई सरता सरता सखाराम पुन्हा दुकानात आला. या वेळी झारा नव्हता. डब्यात गरम वरण-बट्टी होती. वाल्मिकने बट्टी मोडली. बोटांनी मोडली! तूप घालून खाल्ली. बऱ्याच दिवसांनी त्याला जेवणाची चव लागली.

“कशी शे?”

“एक नंबर, सखाराम!”

“मंग ते पान उघड. लिख, ‘सखारामसारखी बट्टी सुरतमा कोठेच नाही. बाकीचे आचारी निस्ते पीठ वाया घालतंस.’”

वाल्मिकने हातातली बट्टी खाली ठेवली. “बाकीचे आचारी? अरे बाबा, ते झारे घेऊन येतील! आणि खाली नाव कोणाचं टाकू?”

सखाराम डब्याचं झाकण लावत म्हणाला, “तुनंच टाक ना! जबाबदार मानूस तूच शे!”