गंगव्वाच्या दुकानाचा सदुपयोग

आमच्या पेठेच्या चौकात गंगव्वाचे कापडाचे दुकान होते. अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईच्या धामधुमीत ती दुकानाला कुलूप लावून माहेरी दुबलगुंडीला गेली. चार महिन्यांनी परत आली, तेव्हा तिच्या कुलपावर आणखी एक कुलूप लागलेले होते. ते सरकारी होते. रिकामी इमारत कुणी बळकावू नये म्हणून सरकारने ती स्वतःकडे ठेवून घेतली होती. हेतू चांगला होता, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो.

गंगव्वा विधवा. दुकान उघडले तर आपले आपण खायचे, नाही तर भावजयीच्या हाताकडे पाहत बसायचे, एवढाच तिचा प्रश्न होता. तीन वर्षांत तिने अकरा अर्ज दिले. अकराव्या अर्जावर शेरा पडला, 'इमारतीचा इतिहास जोडावा.' गावात इतिहास शिकवणारा मी एकटाच, म्हणून ती शाळेत आली.

"लिवा मास्तर," ती म्हणाली. "सासऱ्यानं बांधलं. त्येनं कापड इकलं, मालकानं इकलं, मी बी इकलं. आता कुलूप काडा म्हणावं."

एवढ्याशा इतिहासाने सरकार हलत नसते. मी सुट्टीभर बसून चाळीस पाने लिहिली. तिच्या सासऱ्याने बसवलेली सागवानी चौकट मी दोनशे वर्षे जुनी केली. बीदरच्या किल्ल्यातले सरदार पागोट्याचे कापड इथूनच नेत असत, असेही लिहिले. नेत नसत, याला काही पुरावा नव्हता. वाचून दाखवले तेव्हा गंगव्वा हरखली. "एवढं मोठं हाय व्हय आमचं दुकान?" म्हणाली.

चाळीस पाने 'इमारत सदुपयोग समिती'पुढे गेली. समितीचे कामकाज पाहणारे पेशकार आप्पाराव स्वतः माझ्या घरी आले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"मास्तर, काय चीज हाय हो ही. अन् आपण ही एका बाईच्या हातात द्यायला निघालो होतो."

"पण दुकान तिचंच हाय की."

"साधं असतं तर तिचंच ऱ्हायलं असतं. आता ते इतिहासाचं झालंय. तुमीच केलंय."

समितीने ठराव केला की दुकान मूळ स्वरूपात जतन करून लोकांना दाखवावे. मूळ स्वरूप म्हणजे गादी, तक्के, गज, कापडाचे तागे आणि गादीवर बसलेली दुकानदारीण. विक्री तेवढी बंद, कारण माल विकला की मूळ स्वरूपात घट येते. दुकानदारणीच्या जागेसाठी अर्ज मागवले. त्या जागी पूर्वी काम केल्याचा अनुभव फक्त गंगव्वाकडे होता. अशा रीतीने सरकारने तिला रोजंदारीवर तिच्याच दुकानात बसवले. समारंभात हार मी घातला आणि टाळ्या गावाने वाजवल्या.

गिऱ्हाईक यायचे, भाव विचारायचे. शिपाई कल्लप्पा त्यांना सांगायचा, "बगा, पन मागू नगा." गंगव्वा ताग्यावरून हात फिरवत बसायची.

"मास्तर, माणसं दारात येतेत अन् रिकामी जायलेत," ती मला एकदा म्हणाली. "मला अन्न गोड लागंना."

"होईल सवय," मी म्हणालो.

एके दिवशी मंठाळची राजूबाई लेकीला घेऊन आली. लेक पहिल्यांदाच सासरी निघालेली, ओटीला खण हवा होता, आणि पेठेला नेमकी सुट्टी होती. कल्लप्पाने नियम सांगितला.

"रिकाम्या ओटीनं लेकरू जातंय का कुटं?" असे म्हणून गंगव्वा उठली. तिने हिरवा खण काढला, पोरीची ओटी भरली, तिच्या तोंडावरून हात फिरवला. पैसे घेतले नाहीत.

चौकशी झाली. आप्पाराव मनापासून दुखावले होते.

"अक्का, पैसे घेतले असते तर बेकायदा इक्री धरून दंडावर सोडलं असतं. तुमी तर सरकारी वस्तू फुकट वाटायलात. कामून?"

"खण माझा हाय, अण्णा."

"होता. आता त्यो नमुना क्रमांक सतरा हाय."

गंगव्वाला काढले आणि तिच्या जागी लाकडी पुतळा बसवला. कारागिराने नाक, डोळे, कपाळावरची विभूती, सगळे हुबेहूब उतरवले. पुतळा कुणाची ओटी भरणार नाही, अशी हमी आप्पारावांनी कारागिराकडून लेखी घेतली. गंगव्वाने आता बारावा अर्ज दिला आहे. उत्तर येईपर्यंत ती रोज येऊन दुकानाच्या पायरीवर बसते.

मला लाज वाटली. खरेच वाटली. तसे अभिप्रायवहीत लिहायला म्हणून मी गेलोही, पण वरच्या सगळ्यांनी 'फारच सुंदर' लिहिलेले होते. मध्येच वेगळे काही बरे दिसेना, म्हणून मीही तेच लिहून सही केली.

तुम्हीही एकदा अवश्य या. प्रवेश मोफत आहे. पुतळा इतका जिवंत वाटतो की तुम्हाला गलबलून येईल. आत शिरताना पायरीवर एक म्हातारी वाटेत बसलेली असते. जरा सरका म्हटले की सरकते.