हिरवं तळं आणि चिरनेरचा हंडा

गुरुवारी सकाळी रंभाबाईची तांबडी कोंबडी तळ्यावरून चालायला निघाली. दोन पावलं टाकली आणि गपकन बुडाली. रंभाबाईने पदर खोचून तिला पंखाला धरून बाहेर ओढलं, तेव्हा तांबडी कोंबडी हिरवी झाली होती. दोष तिचा नव्हता. तळं या काठापासून त्या काठापर्यंत असं हिरवंगार झाकलं होतं, की जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे लागतं हे शहाण्या माणसालाही कळलं नसतं. कोंबडीचं तर डोकंच लहान.

तळं कोन गावच्या शिवारात, घराच्या मागे. रस्त्याच्या भरावासाठी माती उचलून नेली, त्या खड्ड्यात पाणी साठलं. बाकी सगळे खड्ड्याला शिव्या देत बसले; रंभाबाईने त्यात रोहू-कटल्याची पिल्लं सोडली. दोन वर्षांत हातभर मासळी झाली.

आणि त्या मासळीवर आता घराची अब्रू टांगलेली होती. रविवारी मुलीचा, मनस्वीचा साखरपुडा. मुलगा चिरनेरचा. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं घर बघायला गेले तेव्हा मुलाच्या आईने, मैनाबाईने, आपल्या तळ्यातलं कमळ मुळासकट उपटून, पाण्याने भरलेल्या पितळी हंड्यात घालून दिलं होतं. आता दुसऱ्याचं भांडं घरात आलं की ते रिकामं परत जात नाही. रंभाबाईने तिथेच सांगून टाकलं, साखरपुड्याला या, हंडा माझ्या तळ्यातल्या मासळीनं भरून देईन. त्यावर मैनाबाई गोड हसून म्हणाली, "बघू या, कसा भरतो तो." कमळ घरच्या तळ्यात लावल्यावर रुजलं, पण ते 'बघू या' रंभाबाईच्या घशात दोन महिने काट्यासारखं अडकलं होतं.

"जाळं टाकू कुठं यात?" ती नवऱ्याला म्हणाली. "मासळी येयाच्या आधी जाळंच हिरवं होईल."

भगवानराव तळ्याकडे बघत उभे राहिले. त्यांचा जन्म मिठागरात गेला, त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं. ते म्हणाले, शेवाळ हाय, मीठ टाकू. मिठागरात कधी शेवाळ बघितलंस काय? मुलगा धनेश, हे हिरवं काय ते मोबाइलला विचारायला, फोटो काढत होता. मोबाइलने पहिल्या फोटोला कोथिंबीर सांगितलं, दुसऱ्याला गालिचा. रंभाबाईने दोघांनाही सांगितलं की माझ्या तळ्याला हात लावाल तर याद राखा.

बांधावरून शेजारीण ठमाबाई आपली बदकं घेऊन चालली होती. बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा कोणाच्या, यावरून दोघींचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. ठमाबाई थांबली, वाकली, ओंजळभर हिरवं उचललं, आणि पुढच्या बदकाला म्हणाली, "बघ गो. हातात घेतलं का कळतं. तार सुटली, बुळबुळ लागली तर शेवाळ. हे टिकलीएवढं पान हाय, खाली केसासारखं मूळ हाय. हे तुमचं खाणं. जुन्या मच्छरदाणीनं रोज थोडं थोडं ओढून काढायचं. एकदम मारलं तर खाली बसतं, कुजतं, अन तळं घेऊन जातं."

रंभाबाईने हिरव्या कोंबडीकडे तोंड केलं. "ऐकलंस गो? आता बदकांची शाळा भरते. आपण नाय जायचं."

असं म्हणून तिने मच्छरदाणीचा विषय मनातून काढून टाकला. सल्ला वाईट नव्हता. तोंड वाईट होतं.

त्याच दुपारी रंभाबाई मनस्वीला घेऊन पनवेलच्या बाजारात बांगड्या भरायला गेली. पाठ फिरताच भगवानरावांनी ओळखीच्या मिठागरातून टेम्पो मागवला, पंधरा गोण्या खडे मीठ. बारा गोण्या तळ्यात रिकाम्या केल्या, तीन गोठ्यात गवताखाली लपवल्या. बायको आली तेव्हा ते ओटीवर पेपर उलटा धरून वाचत होते. एवढ्या मोठ्या तळ्याला बारा गोण्या म्हणजे आमटीला चिमूट. हिरव्याला काही झालं नाही, माशांनाही नाही.

शुक्रवारी रंभाबाई पुन्हा बाजारात गेली, पाहुण्यांच्या ओटीचं सामान आणायला. त्या वेळी धनेशने आपलं काम केलं. खताच्या दुकानातून त्याने हिरवळ मारायचं औषध आणलं होतं. दुकानदाराने चारदा बजावलं होतं, की आज तळ्याच्या एका कोपऱ्यात, मग आठ दिवसांनी पुढच्या. धनेशने हिशेब केला, रविवार दोन दिवसांवर. त्याने चारही कोपरे एकाच दुपारी उरकले. दुकानदाराच्या मुलीचा थोडाच साखरपुडा होता?

शनिवारी हिरवं पिवळं पडलं. संध्याकाळपर्यंत बुडालंसुद्धा. फक्त कमळाच्या पानांआड एक पट्टा तेवढा राहिला. भगवानराव मिशीतल्या मिशीत हसत होते, मीठ लागू पडलं. धनेश शीळ घालत होता, औषध लागू पडलं. रंभाबाईला वाटलं, आपल्या धाकाने सगळं जागेवर येतं, तसं तळंही आलं.

रविवारी उजाडलं आणि वास आला. रंभाबाई धावत मागे गेली. पाणी काळसर झालं होतं, आणि तळ्यातला एकूण एक मासा वर येऊन, तोंड पाण्याबाहेर काढून, आ वासत होता. शेकडो तोंडं, एकाच वेळी उघडत होती, मिटत होती. काठाशी चार मासे उलटे झाले होते. पाहुणे अकराला येणार होते.

रंभाबाई ओरडली नाही. ती ओरडली नाही, तेव्हाच घरातले समजायचं ते समजले. भगवानराव पुढे आले आणि खाली मान घालून मिठाचं सांगून टाकलं. मग मात्र तिने तोंड सोडलं. मासे तळायच्या आधीच मीठ लावून ठेवलं, आता तिखट तेवढं टाका, असं ती म्हणाली, आणि पुढे जे म्हणाली ते साखरपुड्याच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही. धनेश बापाच्या पाठीमागे गप्प उभा होता. बाप सगळं एकटा खातोय म्हटल्यावर त्याला मधे पडायचं कारण दिसेना.

"मिठानं हे होत नाय."

बांधावर ठमाबाई उभी होती. या वेळी बदकं बरोबर नव्हती, त्यामुळे बोलणं सरळ माणसांशीच झालं. "आणखी कोणी काय टाकलंय ते बोला."

सगळ्यांच्या माना एकेक करत धनेशकडे वळल्या. धनेशने खिशातून औषधाची रिकामी पिशवी काढली. रंभाबाईने ती घेतली, उलटसुलट पाहिली. वाचता येत नव्हतं, पण वरचं कवटीचं चित्र कळायला शाळा लागत नाही.

"मेलेलं कुजतंय, अन पाण्यातली हवा खातंय," ठमाबाई म्हणाली. "मासळीचा जीव कोंडलाय. पाणी उडवलं पायजे. पंपानं उंच उडवायचं, पावसासारखं पडू द्यायचं. तास-दोन तासांत नाय झालं तर संपलं."

पंप कोन गावात अनेकांकडे होते. पण चालू स्थितीत, बांधापलीकडे, शंभर पावलांवर, एकच होता, आणि तो ठमाबाईचा होता. हे ठमाबाईला माहीत होतं. ती गप्प उभी राहिली. शेवगाही गप्प उभा होता. तळ्यात पाचवा मासा उलटा झाला.

रंभाबाईने आवंढा गिळला. नऊ वर्षांचा होता, जायला वेळ लागला.

"ठमाबाय," ती म्हणाली, "पंप दे."

पंप आला. धनेशने पाइपचं तोंड आकाशाकडे धरलं. एका पाइपने एवढं तळं भागेना, तेव्हा बाकीचे उतरले. भगवानराव साखरपुड्याच्या नव्या सदऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सुपाने पाणी उडवू लागले. मनस्वी हातभर बांगड्या घेऊन परातीने पाणी मारत होती. रंभाबाई नऊवारीचा काष्टा मारून मधोमध, दोन्ही हातांत दोन ताटं. सगळ्यांचे डोळे माशांच्या तोंडांवर.

आणि साडेनऊ वाजता चिरनेरच्या गाड्या आल्या. दीड तास आधी. वाट चुकायला नको म्हणून लवकर निघाले होते.

मैनाबाई रेशमी साडी सावरत मागे आली आणि बांधावर थिजली. पुढे व्याही सुपाने तळं पाखडत होते, होणारी सून परात आपटत होती, आणि जिच्या मासळीचा डंका चिरनेरपर्यंत वाजला होता ती विहीण गळ्यापर्यंत चिखलाने माखलेली. भगवानरावांचं सूप थांबलं.

"थांबू नका," रंभाबाई म्हणाली. मग मान न वळवता म्हणाली, "विहीणबाय, बसून घ्या. आमी येतोच."

मैनाबाई बसली नाही. ती काठाकाठाने कमळापर्यंत गेली, वाकली, पानांआडचा उरलेला हिरवा पट्टा बोटाने उचलून निरखला. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"अगो बाय," ती अगदी हळू म्हणाली, "हे आमच्या तळ्यातलं हाय. कमळासंगं हंड्यातून आलं वाटतं. आमचं तळंसुद्धा असंच भरलंय."

रंभाबाईचे हात हवेतच राहिले. दोन महिन्यांचा काटा तिच्या घशातून आपोआप सुटला होता आणि आता तो हातात होता, कुठेही टोचायला मोकळा. भगवानरावांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात तिच्या गुडघ्याला काहीतरी थडकलं. मासा होता. तोंड मिटून, खाली, पाण्यात पोहत होता. मग दुसरा गेला. वरची तोंडं एकेक करून नाहीशी होऊ लागली.

रंभाबाई पाण्याबाहेर आली. ताटं खाली ठेवली. मैनाबाईच्या हातातलं हिरवं आपल्या तळहातावर घेतलं.

"असं हातात घेतलं का कळतं, विहीणबाय," ती म्हणाली. "तार सुटली, बुळबुळ लागली तर शेवाळ. हे टिकलीएवढं पान, खाली केसासारखं मूळ. बदकांचं खाणं हाय हे. जुन्या मच्छरदाणीनं रोज थोडं थोडं ओढायचं. एकदम मारायचं नाय. अडाणी लोक एकदम मारतात."

ठमाबाई मागेच पंपाशी उभी होती. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं, अगदी माशासारखं.

सगळे मिळून अकरा मासे गेले. ते शेवग्याच्या बुंध्याशी पुरले. औषध पडलंय म्हणून काही दिवस तळ्यातलं काही खायचं नाही, असं ठमाबाईने बजावलं, त्यामुळे पाहुण्यांना कोंबडीवर भागवावं लागलं. तांबडी वाचली, हिरवा रंग अजून गेला नव्हता, कापायची कोणाची छाती झाली नाही.

निघताना मैनाबाईने हंड्याचा विषय काढला नाही. रंभाबाईनेच हंडा आणला. लखलखीत घासलेला, वर नारळ, आणि आत काठोकाठ पांढरंशुभ्र खडे मीठ. "मिठागरवाल्याची लेक घेताय," ती म्हणाली. "हंडा मिठानंच भरून जायला पायजे. मासळी काय, कुणाच्याही तळ्यात मिळते." भगवानराव दिवसभरात पहिल्यांदा ताठ उभे राहिले. गोठ्यातल्या तीन गोण्यांचा पत्ता बायकोला कधी लागला, हे त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी रंभाबाई पंप घेऊन स्वतः बांध ओलांडून गेली. आल्या पावली परत फिरणार होती, पण ठमाबाईने पंपाची टाकी हलवून बघितली. डिझेल काठोकाठ भरलेलं होतं. ठमाबाईने झाकण उघडलं, वास घेतला, आणि रंभाबाईकडे पाहिलं.

"मीठ नाय ना घातलंस?"