टेकूभाईंचे सुटलेले आरोपी

टेकूभाई मिस्त्री खडूशिवाय कुठल्याही गाडीला हात लावत नसत. एखादा भाग तपासला आणि त्यात दोष नाही अशी खात्री पटली, की त्यावर ते खडूनं सिंधीत एक शब्द लिहीत, उजवीकडून डावीकडे. अर्थ विचारला तर म्हणत, "सुटला." गाडी दुरुस्त होईपर्यंत तिच्या अंगावर दहा-बारा सुटलेले आरोपी जमत. मुख्य आरोपी सापडेपर्यंत टेकूभाई पाना उचलत नसत.

दुसरी सवय गिऱ्हाइकांना जास्त जड जाई. गिऱ्हाइकानं रोगाचं नाव घेतलेलं त्यांना खपत नसे. एकदा एक रिक्षावाला सिंधी वसाहतीच्या कॅम्प पाचमधल्या त्यांच्या गॅरेजात शिरत म्हणाला, "टेकूभाई, कार्बोरेटर गेलाय." टेकूभाईंनी त्याला रिक्षासकट बाहेर काढलं.

"परत आत ये. नाव नको घेऊ. काय होतं ते बोल."

बिचारा वळसा घालून परत आला. "चढावर धाप लागते."

"कुणाला?"

"रिक्षाला."

"बस. आता माणसासारखा बोललास."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो बाबांबरोबर. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि या गोष्टीचा बाबांनी गावाला आणि मला सारखाच त्रास दिला होता.

अंबरनाथच्या एका कारखान्यात साखळी तुटून बाबांचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात हलायचा, पण जोर लागायचा नाही. नोकरी सुटल्यावर त्यांनी एका कंपनीच्या बागेतला जुना, बुटका जपानी ट्रॅक्टर विकत घेतला, तो केवळ त्याला पॉवर स्टेअरिंग होतं म्हणून. एका डाव्या हातानं वळायचा. बारवी धरणाकडच्या आमच्या लहान भातखाचरांत नेमका मावायचा. भातलावणीआधीच्या चिखलणीला आजूबाजूचे लोक बाबांनाच बोलवायचे.

त्या वर्षी चिखलणी दोन आठवड्यांवर आली आणि स्टेअरिंग जड झालं. बदलापुरात एकानं सांगितलं, पंप गेला, आणि या मशीनचा पंप आता मिळायचा नाही. ट्रॅक्टर बसला तर बाबांनाही बसावं लागणार होतं, एका कारखान्याच्या गेटवर, वॉचमनच्या खुर्चीत. ओळखीच्या माणसानं जागा धरून ठेवली होती. बाबांनी अजून हो म्हटलं नव्हतं, पण जेवताना ते बोलेनासे झाले होते.

टेम्पोतून ट्रॅक्टर उतरवला आणि बाबा म्हणाले, "पंप गेलाय."

"साईं," टेकूभाई शांतपणे म्हणाले, "बाहेर जा. परत ये."

बाबा खरंच गेले आणि परत आले. "मंग काय बोलू? सकाली लोन्यावानी फिरतो. अर्ध्या तासानं दगड होतो. रेस दिली का जास्तीच."

टेकूभाई खूश झाले. "हे बोल ना! पंप मोठा माणूस आहे, साईं. काही झालं की सगळे पहिलं त्याचंच नाव घेतात. आपण आधी बारक्यांना विचारू."

मग बारक्यांची चौकशी सुरू झाली. टायरची हवा सुटली, म्हणजे निर्दोष ठरली. तेल त्यांनी हुंगलं, दोन बोटांत चोळलं, तेही सुटलं. पुढची चाकं जॅकवर उचलून इकडून तिकडे फिरवली, सांधे सुटले. मग मागच्या मोकळ्या जागेत बाबांना गोल गोल फिरायला लावलं, इंजिन चांगलं तापेपर्यंत.

बाबा प्रत्येक फेरीला ओरडून सांगत होते, "त्यो निला पाइप नवा हाय! माज्या पोरानं शोधून आनलाय! कालेजात हाय त्यो!"

ट्रॅक्टर थांबवून टेकूभाईंनी बॉनेट उघडलं आणि मला शेजारी उकिडवं बसवलं. "साईं, रेस दे."

बाबांनी रेस दिली. तेलाच्या टाकीकडून पंपाकडे जाणारा तो निळा पाइप माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या दुधाच्या पिशवीसारखा चपटा झाला. रेस कमी केली की पुन्हा गोल. पंप ठणठणीत होता. त्याला प्यायला तेलच मिळत नव्हतं.

जुना पाइप गळत होता म्हणून मी कॅम्प तीनमधून तो आणला होता. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांना पाइप विकणारं दुकान होतं ते. माप बरोबर होतं, वाकायला मऊ होता, म्हणून मला तो जुन्यापेक्षा चांगला वाटला. पाणी ढकलायचा पाइप गरम तेल ओढताना लोळागोळा होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

टेकूभाईंनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बहुधा पडलं असावं. त्यांनी बाबांना सांगितलं, "पाइपचा माल खराब निघाला, साईं. पोरानं माप एकदम बरोबर आणलं होतं."

"मंग! मापात त्यो चुकनार नाय," बाबा म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

टेकूभाई आत तार असलेला जाड पाइप बसवत होते. मी हळूच विचारलं, "चूक माझीच होती ना?"

"तुझीच."

"मग तुम्ही...?"

बराच वेळ ते क्लिप आवळत राहिले. "माझ्या पोरानं, हरीशनं, एकदा वायसर उलटा घातला. मी चार गिऱ्हाइकांसमोर बोललो. लई बोललो. आता अहमदाबादला दुसऱ्याच्या गॅरेजात आहे. फोन मम्मीलाच करतो."

क्लिप केव्हाच घट्ट बसली होती.

बाबा चहा पिऊन पुन्हा फेऱ्या मारू लागले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. डाव्या हाताचा नुसता तळवा स्टेअरिंगवर ठेवून ते वळवत होते आणि एकटेच हसत होते. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, पण पुरतं नाही. शेवटी मी इंजिनाच्या आवाजावर ओरडलो, "बाबा! पाइपचा माल खराब नव्हता! मीच चुकीचा आणला होता!"

"काय?"

"मी चुकलो!"

बाबांनी मान हलवली. "मंग काय झाला? आता वलतोय ना!" आणि पुढच्या वळणाला लागले.

टेकूभाई त्यांच्या पाठीकडे बघत उभे होते.

"मी पण तेव्हा इतकंच बोलायचं होतं," ते म्हणाले. माझ्याशी नसावेत बोलत.