मालाकीकाकांना धूर लागला

डिझेल गाडी धुराच्या चाचणीत पास कशी करायची, हे मला विचारा. सेंटरवर जाताना गाडी दुसऱ्या गिअरवर रेमटवायची. इंजिन तापतं, साठलेली काजळी उडून जाते आणि यंत्राला हुंगायला काही उरत नाही. आमच्या आयर्लंडातल्या रॉसकॉमनमध्ये हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

"आज नापास झाली, तर थेट भंगारात," माझी बायको ग्रोन्या म्हणाली. "मग माझ्या भावाची जुनी इलेक्ट्रिक घेऊ."

मेव्हण्याची गाडी! त्यापेक्षा गाढव परवडलं. मी दुसरा गिअर टाकला आणि निघालो.

पहिल्याच वळणावर पुढे अंत्ययात्रा. आमच्याकडे अंत्ययात्रेला ओव्हरटेक करणाऱ्याची गाव सात पिढ्या आठवण ठेवतं. मी निमूट मागे राहिलो, पण गिअर काही सोडला नाही. मागेही गाड्या लागल्या आणि मी वाजतगाजत दफनभूमीत पोचलो. आता बाहेर पडायला जागा नाही, आणि इंजिन गार होऊन चालणार नव्हतं. जागच्या जागी रेस करत बसलो.

राखाडी कोटातल्या एका गृहस्थांनी काच वाजवली. "आमच्या मालाकीकाकांना खांदा द्यायला एक जण कमी पडतोय. येता का?"

"येतो की. फार भला माणूस होता," मी म्हणालो. कोण मालाकी, देव जाणे.

"गाडी बंद नाही करायची?"

"बॅटरी गेलीय हो. बंद केली तर परत सुरू व्हायची नाही."

त्यांची पाठ वळताच मी अ‍ॅक्सिलरेटरवर टूलबॉक्स ठेवला आणि शवपेटीखाली शिरलो. वारा नेमका थडग्याकडे! फादर ठसकत ठसकत प्रार्थना म्हणत होते. सगळ्यांचे डोळे वाहत होते. लोकांचं काकांवर भलतंच प्रेम दिसलं.

सुटका होताच तडक सेंटर गाठलं. परीक्षकही नुकतेच आले होते. ते वळले. पाहतो तर मघाचे खांदेकरी गृहस्थ!

त्यांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली, रेस दिली, यंत्राकडे पाहिलं.

"पास," ते म्हणाले.

मला आनंद आवरेना. "बघा, नावाला काजळी नाही. गेली कुठे सगळी?"

त्यांनी कोटाची कॉलर चिमटीत धरून माझ्यासमोर आणली. "हा सकाळी राखाडी होता."

मी त्यांचं पुन्हा एकदा सांत्वन केलं. या खेपेला अगदी मनापासून.