रेडकरकाकूंच्या बोटांची हजेरी

सकाळी सात वाजता आमच्या लालबागच्या चाळीत दूधवाल्याच्याही आधी रेडकरकाकूंचा आवाज येतो. "आज सहा हजर, चार गैरहजर." हे त्या स्वतःच्या बोटांबद्दल सांगत असतात.

काकूंना संधिवात आहे, तोही बोटं वाकडी करणारा. सकाळी आखडलेली किती बोटं हलतात हे वहीत मांडून सबंध मजल्याला कळवल्याशिवाय त्यांचा चहा उकळत नाही. काका गिरणीत होते, त्यामुळे काकूंच्या हातात अजून गिरणीच चालू आहे. उजवा अंगठा मुकादम. डावी करंगळी युनियनची, कधी काम बंद करील नेम नाही. "मुकादमच आज रजेवर गेलो, तर बाकीच्यांनी काय करूचा?" असं त्या मला त्यांच्या मालवणीत गंभीरपणे विचारतात.

मी शेजारच्या खोलीतला अनंता, बँकेत कारकून. पण काकूंच्या गिरणीत मी बदली कामगार. मुकादम आला नाही की लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायची पाळी माझी.

यंदा दुखणं फार वाढलं. भिंतीपलीकडून त्यांचं कण्हणं ऐकू यायचं. परळच्या इस्पितळात त्यांना घेऊन गेलो. नवीन इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरवायला डॉक्टरीणबाईंनी एक फॉर्म काढला. माणसाचं जगणं कसं चाललंय, ते मोजायचा फॉर्म.

"बरणीचं झाकण उघडतं?"

"उघडता."

"ब्लाउजचे हूक?"

"लागतत."

"केस धुणं?"

"आठवड्यातून दोनदा."

"छान आहे की," बाई खूश झाल्या. "मग इंजेक्शनची घाई नको."

मी घाईघाईने मध्ये पडलो. "अहो, झाकण मी उघडतो. हूक माझी बायको लावते. केस धुवायला समोरच्या शेवंतावहिनी येतात."

"मगे? उघडता ना? लागतत ना?" काकू माझ्यावरच डाफरल्या. "शेजारी आसत कशाक?"

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत सगळ्या खुणा खोडून 'दुसऱ्याच्या मदतीने'च्या रकान्यात नेल्या. इंजेक्शन मंजूर झालं. टॅक्सीने लालबागला परतलो. जिन्याशी काकू म्हणाल्या, "भर इस्पितळात नापास केलंस माका."

इंजेक्शन लागू पडलं. काही महिन्यांनी एका सकाळी गॅलरीतून घोषणा झाली, "आज धा हजर, युनियनवालीसकट." मजल्यानं टाळ्या वाजवल्या. मी तर इतका निर्धास्त झालो की त्यांच्याकडे जायचंच सोडून दिलं. झाकण त्यांचं त्याच उघडत होत्या, मग माझं तिथे काय काम?

पुन्हा फॉर्म भरायला मी त्यांना इस्पितळात नेलं तेव्हा काकूंनी हजेरीची वही बरोबर घेतली. रांगेत बसल्या बसल्या मी ती चाळली. दहा बोटांच्या दहा ओळी, रोजचा एक रकाना. हजर असेल तर टिंब, नसेल तर फुली. खाली अकरावी ओळ होती: 'अनंता, बदली'. आधीचे कित्येक महिने तिथे टिंबच टिंब. इंजेक्शननंतर वरच्या दहाही ओळी टिंबांनी भरलेल्या, आणि अकरावीत नुसत्या फुल्या.

आत डॉक्टरीणबाईंच्या फॉर्मवर काकू पहिल्या नंबराने पास झाल्या. त्या फॉर्मला अकरावी ओळ नव्हती. मला माझी फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमचीच लोणच्याची बरणी घेतली, झाकण होता नव्हता तो जोर लावून आवळलं आणि काकूंच्या दारात उभा राहिलो.

"काकू, उघडत नाही."

त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुकादम पुढे झाला. झाकण सुटलं.

"चाय घेतलंस?"

"नाही."

त्यांनी आधण ठेवलं आणि फळीवरची वही काढली. अकराव्या ओळीतलं 'बदली' नीट खोडलं आणि त्या वाकड्या बोटांनी, सावकाश, त्याच्यापुढे लिहिलं: 'कायम'.