शेवटची ओळ

"पासवर्ड काय ठेवू?" ब्रॉडबँडवाल्याने शिडीवरून विचारले. "निदान आठ अक्षरं हवीत. अवघड हवा, पण तुम्ही विसरता कामा नये."

चष्मेवाल्यांनी भिंतीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. डोळे तपासायच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ बरोबर आठ अक्षरांची होती. बावीस वर्षे लोकांना वाचायला लावून ती त्यांना स्वतःच्या नावापेक्षा पक्की पाठ झाली होती.

"पी झेड डी एफ टी एल ओ सी!" ते एका दमात म्हणाले.

नवा फोन, ब्रॉडबँड आणि गिऱ्हाइकांना फुकट वाय-फाय, हा त्यांचा शेवटचा डाव होता. चौकात चष्म्यांचे भलेमोठे दुकान झाल्यापासून ते नुसत्या माशा मारत होते. याने जमले नाही तर दुकानाला कुलूप, असे त्यांनी बायकोला सांगूनच ठेवले होते. फोनचा नंबर चिठ्ठीवरून स्वतः वाचून त्यांनी तो रंगाऱ्याकडून पाटीवर हातभर आकड्यांत रंगवून घेतला.

वाय-फायने कमाल केली. बाकावर जागा मिळेना. कोणी पासवर्ड विचारला की चष्मेवाले ऐटीत तक्त्याकडे बोट करत, "शेवटची ओळ!" ज्याला दिसत नसे तो शेजाऱ्याला विचारी. दोन आठवड्यांत न्हाव्यापासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्या गल्लीला ती ओळ तोंडपाठ झाली.

आणि गल्लीत एकही डोळा अधू उरला नाही. तपासायला बसलेला प्रत्येक जण खालची ओळ धडाधड म्हणून दाखवी आणि चष्म्याशिवाय खुशीत घरी जाई.

"लोकांच्या नजरा सुधारल्यात," चष्मेवाले रडवेल्या आवाजात म्हणाले. "फोनही एकदा वाजला नाही."

"लाइन बंद असेल," बायको म्हणाली.

ब्रॉडबँडवाला पुन्हा आला. त्याने आपल्या वहीतला नंबर लावला, तसा फोन खणखणला. "वाजतोय की! लोकच करत नसतील," म्हणून तो निघून गेला.

मग शाळेची बस चालवणारे मामा आले. त्यांना नजर चांगली असल्याचा दाखला हवा होता. खुर्चीत बसता बसताच त्यांनी शेवटची ओळ म्हणून टाकली. चष्मेवाल्यांनी सहीला पेन उचलले. मामा उठले आणि दारातल्या चष्मा घातलेल्या पुठ्ठ्याच्या बाईला हात जोडून म्हणाले, "येतो, वहिनी."

खरी वहिनी त्यांच्या मागे चहा घेऊन उभी होती.

चष्मेवाल्यांचे पेन हवेतच थांबले. "मामा, सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचा बरं."

"वाचतो की. तक्ता कुठल्या भिंतीवर आहे?"

"अगं, आपण डोळे नाही, पाठांतर तपासतोय!" चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला. त्या पोरांच्या बसच्या विचाराने त्यांना घामच फुटला.

दुसऱ्या दिवशी तक्ता बदलला. मामांना जाड भिंगांचा चष्मा लागला, त्यांच्यामागून न्हाव्याला लागला, शाळेतल्या बाईंना लागला. दुकानाबाहेर रांग लागली. चष्मेवाले आनंदाने नुसते तरंगत होते.

दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा बायको म्हणाली, "आता तुम्ही बसा."

"मी? मला काय धाड भरलीय?"

"बसा तर खरं."

ते बसले. वरच्या चार ओळी त्यांनी कशाबशा वाचल्या. मग एकदम आत्मविश्वासाने, "पी झेड डी एफ टी एल ओ सी!"

"ते जुन्या तक्त्यावर होतं," बायको म्हणाली. "दिव्याखाली अंधार!" आणि तिने भिंगे त्यांच्या नाकावर चढवली.

समोर टेबलाच्या काचेखाली फोनची चिठ्ठी होती. चष्मेवाल्यांनी ती पाहिली, पुन्हा पाहिली. शेवटचा आकडा तीन होता. पाटीवर मात्र हातभर आठ झळकत होता.

त्यांनी पाटीवरचा नंबर लावला.

"हॅलो," पलीकडून एक वैतागलेला आवाज आला. "चष्म्याचं दुकान नाही हो हे! महिनाभर सांगतोय. आधी त्या दुकानदारालाच कोणीतरी चष्मा द्या!"

"दिला हो," चष्मेवाले नाकावरची भिंगे सावरत म्हणाले, "आत्ताच दिला."