तांबूस केसाचा छडा

एका सोमवारी संध्याकाळी तपासनीसांनी बायकोचा स्वेटर झटकून घडी घालायचं ठरवलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं. (लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि आजवर त्यांनी घरातलं काही म्हणता काही झटकलं नव्हतं. तेव्हाच कुणीतरी त्यांना अडवायला हवं होतं.)

स्वेटरच्या बाहीला एक केस चिकटला होता. आखूड, राठ आणि तांबूस. बायकोचे केस लांब. मुलीचे कुरळे. तपासनीसांच्या डोक्यावर तर चष्म्याची दांडी अडकवण्यापुरतेसुद्धा उरलेले नव्हते. मग हा तांबूस पाहुणा आला कुठून?

दुसरा कुणी फुंकर मारून मोकळा झाला असता. पण तपासनीसांची भाकरीच संशयावर भाजलेली होती. दस्तांच्या कार्यालयात ते सह्या जुळवायचं काम करत. डाव्या हाताला नमुना सहीचं कार्ड, उजव्या हाताला आलेला कागद आणि मध्ये भिंग. जुळली तर शिक्का, नाही तर कागद परत. बावीस वर्षांत त्यांनी एकही संशयास्पद सही पुढे जाऊ दिली नव्हती. त्यांना बघताच लोकांचे हात कापायला लागत आणि मग सही खरोखरच जुळत नसे. कार्यालयात त्यांना पाठीमागे सगळे ‘भिंग’ म्हणत. त्यांना हे ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

ही शिस्त त्यांनी आधी स्वतःला लावून घेतली होती. नोकरीला लागले तेव्हा त्यांचीच सही हेडक्लार्क परत पाठवायचे. ‘कार्डाशी जुळत नाही.’ मग तीन महिने ते रोज संध्याकाळी वहीत आपली सही गिरवत बसले. आधी उंच शेंडा, मग शेपटीला मागे वळून एक गाठ आणि खाली दोन टिंबं. शेवटी जुळली. ही गोष्ट ते नव्या कारकुनांना दरवर्षी सांगत. (नवे कारकून ती दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत.)

तर तपासनीसांनी केस चिमट्याने उचलला, पाकिटात घातला आणि वर तारीख टाकली.

मग एकेक धागा जुळायला लागला. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं म्हटलं की जिचे गुडघे दुखत, ती बायको तीन महिने दर रविवारी पहाटे उठून ‘बायकाबायका टेकडीवर फिरायला’ जात होती. परत यायची ती गाणं गुणगुणत. तिच्या पायमोज्यांना कुसळं असत. आणि परवा भाजी चिरताना ती स्वतःशी पुटपुटत होती, “पळायचं नाही. नजरेला नजर द्यायची नाही. अंतर ठेवून बाजूने निघून जायचं.”

“कुणापासून अंतर?” तपासनीसांनी विचारलं.

“अगंबाई! तुम्ही कधी आलात?” असं म्हणून ती एकदम कांद्याकडे वळली. हातात दुधी होता. कांद्याकडे वळायचं कारणच नव्हतं.

गुरुवारी तर कहर झाला. बायको गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलत होती. तपासनीस पडद्याआड उभे राहिले. (पडद्याखालून पाय दिसत होते, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.)

“हो, रविवारी शेवटचं. एकदा ते पार पडलं की ह्यांना सांगून टाकीन... नाही हो, आत्ता नको. ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही.”

‘तुम्हाला’! म्हणजे मैत्रीण नव्हे. तपासनीसांच्या पायाखालची जमीन सरकली. चोवीस वर्षं तिच्या हातचा चहा घेतला, पण तिच्यावाचून सकाळ कशी असेल हा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता. आता आला आणि जाता जाईना. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

शुक्रवार-शनिवार त्यांनी तांबूस केसांचे पुरुष शोधण्यात घालवले. केशकर्तनालयात बसून त्यांनी तीन गिऱ्हाइकांची डोकी भिंगातून पाहिली. तिसऱ्याने भिंग हिसकावून घेतलं, ते परत मिळवायला अर्धा तास गेला.

“बाबा,” कॉलेजात जाणाऱ्या मुलीने शनिवारी विचारलं, “टेबलावरच्या पाकिटात केस का ठेवलाय?”

“पुरावा आहे तो.”

“कशाचा?”

“ते रविवारी कळेल.”

मुलगी तोंडावर पुस्तक धरून आतल्या खोलीत पळाली. पुस्तक हसत होतं. तपासनीसांनी तिचंही नाव मनातल्या यादीत घातलं.

रविवारी बायको ज्या बसने गेली तिच्या मागच्या बसने ते शेवटच्या थांब्यावर उतरले. काळा चष्मा, कानटोपी, नाकापर्यंत मफलर आणि अचानक लपावं लागलं तर असावी म्हणून मोठी काळी छत्री. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. थांब्यावरच्या चहावाल्याने त्यांना चहा देण्याआधी पैसे मागितले.

टेकडीची वाट शेतांमधून चढत जात होती. बांध, मग तारेचं कुंपण, मग गुरांची कुरणं. पुढे दोनशे पावलांवर मंडळी चालली होती. पाच बायका होत्या. सगळ्यात पुढे त्यांची बायको, हातात काठी. आणि सगळ्यात मागे एक पुरुष! ताठ पाठ, हातात वही, डोक्यावर टोपी.

“टोपी!” तपासनीस मफलरमध्ये पुटपुटले. “म्हणजे केस लपवलेत.”

वाटेत दोन कुरणांच्या मध्ये एक लाकडी फाटक सताड उघडं होतं. मंडळी त्यातून गेली आणि कुणी ते लावलं नाही. फाटकावर पाटी होती: ‘फाटक जसं असेल तसंच ठेवा.’ तपासनीसांनी पाटी दोनदा वाचली. पाटीखाली ना सही, ना शिक्का. असल्या कागदाला त्यांनी कार्यालयात उभं केलं नसतं. उघडं फाटक म्हणजे कुणाचा तरी हलगर्जीपणा, हे सांगायला पाटी कशाला हवी? त्यांनी आत येऊन फाटक लावलं, कडी घातली, ओढून पाहिली, चार पावलं जाऊन परत आले आणि पुन्हा ओढून पाहिली.

खालच्या कुरणात हौदावर पाणी पीत असलेल्या एका गाईने मान वर केली. तिचं वासरू वरच्या कुरणात होतं. म्हणजे आता तपासनीसांच्या बाजूला.

वासराला मफलर आवडला. ते शेपटी हलवत मागून आलं आणि लोंबणारं टोक त्याने तोंडात घेतलं.

“सोड,” तपासनीस दबक्या आवाजात म्हणाले. “ए, सोड म्हणतो ना!”

वासराने आणखी वीतभर गिळला. खाली फाटकापाशी गाय हंबरली. ते हंबरणं ऐकून वरच्या कुरणातल्या दहाबारा गाई चरायच्या थांबल्या आणि काय चाललंय ते बघायला सावकाश जवळ येऊ लागल्या. नेमकं त्याच क्षणी पुढे बायकोने मागे वळून पाहिलं. आणि तपासनीसांनी लपण्यासाठी छत्री उघडली.

फाट्कन उघडलेली ती काळी छत्री पाहून गाई चौखूर उधळल्या. एक डावीकडे, तीन उजवीकडे, उरलेल्या गोल फिरून पुन्हा त्यांच्याकडेच. तपासनीस पळाले. मफलर ताणला गेला, मफलरामागे वासरू पळालं, वासरू पळालेलं पाहून खाली त्याची आई फाटकाला धडका द्यायला लागली. शेवटी ते गुरांच्या पाण्याच्या दगडी कुंडात चढले आणि गुडघाभर पाण्यात, डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. त्यांची पाचावर धारण बसली होती. पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण आज घरी जात नाही, आणि बायकोला शेवटचं काय म्हणालो तर ‘कुणापासून अंतर?’

त्यांच्या हाताच्या अंतरावर एक भलंथोरलं मानेमागचं वशिंड आलं. चष्म्याच्या काचेला जवळजवळ टेकलं. आणि अशा अवस्थेतही बावीस वर्षांची नजर काम करून गेली. आखूड. राठ. तांबूस. आठवडाभर शोधलेला आरोपी समोर उभा होता आणि त्याला शिंगं होती.

“अहो!” वरून शांत आवाज आला. “छत्री मिटा. हळू. एकदम नका मिटू.”

बायको काठी खाली धरून उतारावरून येत होती. घाई नाही, आरडाओरडा नाही. तोंडाने “हो... हो... सावकाश” असं गाईंशी बोलत, कुणाच्याही समोरून न जाता मोठा वळसा घेऊन येत होती. तपासनीसांनी छत्री मिटली. गाई थबकल्या.

“आता मफलर सोडा.”

“माझा आहे तो!”

“वासराची आई फाटकापाशी आहे आणि तुम्ही त्या दोघांच्या मध्ये उभे आहात. मफलर पाहिजे की फासळ्या?”

तपासनीसांनी मफलर सोडला.

“पलीकडच्या बाजूने उतरा. पळू नका. तिच्याकडे टक लावून बघू नका. तुमची सवय आहे ती, पण आज नका बघू. कुंपणाच्या कडेने वर जा.”

ते गेले. (आयुष्यात पहिल्यांदा बायकोने सांगितलेलं काहीही न तपासता त्यांनी केलं.) मग तिने जाऊन कडी काढली, फाटकाच्या आड उभी राहिली, आणि गाय तिच्या शेजारून धावत वासराकडे गेली. तिने वासराला हुंगलं, चाटलं आणि मफलरासकट घेऊन निघून गेली. कुरण पुन्हा गप्प झालं. कुंपणाला धरून उभ्या असलेल्या तपासनीसांना आपल्या बायकोचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले. आणि एवढी लाज वाटली की काळा चष्मा आहे हे फार बरं झालं.

“शाबास!” टोपीवाला वहीत लिहीत खाली आला. घाम पुसायला त्याने टोपी काढली. डोकं तुळतुळीत. ते निवृत्त कवायत मास्तर होते, टेकडी मंडळाचे परीक्षक. “गुरांमधून वाट काढणं या भागाला पैकीच्या पैकी. वाटाड्याचा बिल्ला तुमचाच. पण हा इसम कोण? थांब्यापासून बायकांच्या मागे आहे, मी बघतोय.”

“हे... आमचे हे,” बायको म्हणाली.

“तुमचे हे असे कपडे घालतात?” मास्तरांनी तपासनीसांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तो संशयी स्वभाव तपासनीसांना एरवी आवडला असता. “तुमच्या परीक्षेच्या फॉर्मवर यांची संमतीची सही आहे. करून दाखवा. जुळली तर यजमान, नाही तर चौकी.”

तपासनीसांनी पेन घेतलं. बोटं गारठलेली, अंगठ्यावर वासराची लाळ. शेंडा बसला, शेपटी घसरली, टिंबं कागदाबाहेर गेली. मास्तरांनी वहीतून फॉर्म काढून शेजारी धरला.

“जुळत नाही.”

तपासनीसांनी फॉर्मकडे पाहिलं. उंच शेंडा, मागे वळलेली गाठ, खाली दोन टिंबं. त्यांचीच सही. फक्त असल्या फॉर्मवर त्यांनी जन्मात सही केलेली नव्हती. त्यांनी मान वर केली. आत्ता दहाबारा गाईंसमोर न डगमगलेली बायको पांढरीफटक पडली होती.

“फॉर्म खोटा असेल तर बिल्ला रद्द,” मास्तर म्हणाले. “आणि फॉर्म खरा असेल तर हा माणूस खोटा. काय ते बोला.”

तपासनीसांनी खिशातून भिंग काढलं. फॉर्म उन्हात धरला. बावीस वर्षांच्या नोकरीत जी एक गोष्ट केली नव्हती ती करायची वेळ आली होती. त्यांनी बायकोच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं, तीन महिन्यांच्या पहाटा आठवल्या आणि घसा साफ केला.

“फॉर्मवरची सही अस्सल आहे,” ते म्हणाले.

“आणि तुमची?”

“खोटी.”

मास्तरांनी वहीत लिहिलं, ‘संशयित अनोळखी इसमास गुरांतून सुखरूप बाहेर काढले.’ बायकोने फार विनवण्या केल्या म्हणून चौकी टळली. पण परत येताना त्यांना मंडळीच्या वीस पावलं मागून चालवलं आणि वाटेतली सगळी फाटकं लांबून दाखवून विचारलं, “हात लावायचा?” दर वेळी त्यांना “नाही” म्हणावं लागलं.

घरी मुलीने गरम पाण्याची बादली आणली. तपासनीस पाय शेकत बसले. बायकोच्या स्वेटरवर बिल्ला होता.

“आधी सांगायचं होतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही फॉर्म तपासायला घेतला असतात तर परीक्षा पुढच्या वर्षी गेली असती. चुकलं माझं.”

“माझंही चुकलं.” ते बादलीतला पाय चोळत म्हणाले. “पण काय सही केलीस! भिंगाखालीसुद्धा बोट ठेवायला जागा नाही. माझी सही कधी शिकलीस?”

बायकोने मुलीकडे पाहिलं, मग बादलीकडे. “रागावणार नसाल तर सांगते. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा तुम्हाला सणकून ताप होता. आठवतं?”

“आठवतं. अंथरुणात बसून नमुना कार्डावर सही केली होती.”

“अर्धी कार्डावर आणि अर्धी उशीवर. ती द्यायच्या लायकीची नव्हती. एक कोरं कार्ड जादा होतं. तुम्ही झोपलात, मग मीच केली.”

तपासनीसांच्या डोळ्यांसमोर ती वही आली. तीन महिन्यांच्या संध्याकाळी. उंच शेंडा, गाठ, दोन टिंबं.

“म्हणजे मी बावीस वर्षं...”

“छान वळण आलं हो तुम्हाला,” बायको म्हणाली.

सोमवारी पाय सुजला म्हणून त्यांनी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. बोटं अजून आखडलेली होती. हेडक्लार्कनी अर्ज नमुना कार्डाशेजारी धरला आणि परत केला. संध्याकाळी तपासनीसांनी अर्जाचा नवा कागद बायकोपुढे ठेवला. तिने पीठ मळता मळता हात पुसून सही ठोकली.

मंगळवारी हेडक्लार्कनी ती पाहिली आणि खूश होऊन शिक्का मारला. “हां,” ते म्हणाले, “ही तुमची!”